जहाजाच्या आधीची काडी

रविवार, २८ नोव्हेंबर २०२१

आमच्या घराचा आणि पाण्याचा संबंध म्हणजे नळ कधी येणार एवढाच. सोलापुरात तो चौथ्या दिवशी येतो, पाचव्या दिवशी येतो, आणि येतो तो नेमका घरात कुणी नसताना. अशा घरातल्या माणसांना माझी लेक धम्मप्रिया पुण्याहून फोन करून म्हणते, मम्मी, आपण चौघांनी समुद्रात राहायला जायचंय. तीन रात्री, जहाजावर. मुंबईतनं निघायचं, गोव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी विचारलं, बँकेत काम जास्त झालंय का तुला? तर म्हणाली, बुकिंग झालंय. १७ डिसेंबर, शुक्रवार, एक खोली, चार पलंग.

आमचे हे, हरिदासराव, टॉवेलच्या कारखान्यात टाइमकीपर आहेत. कुठं जायचं, कशाला जायचं, बुडलं तर काय, असलं काही त्यांनी विचारलं नाही. एकच विचारलं, सुटतं किती वाजता? कामगार दोन मिनिटं उशिरा आला की त्याच्या नावापुढं लाल फुली मारण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. लग्नातसुद्धा वरात आमच्या दारात दीड तास आधी येऊन उभी होती आणि मी तेव्हा परकर-पोलक्यात केस वाळवत होते.

मला वाटलं, आत्या मोडता घालतील. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, नागूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. माझा धाकटा दीर सतीश एप्रिलमध्ये कोरोनानं गेला, तेव्हापासून लशीचा दुसरा डोस सोडला तर त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. कुणाच्या लग्नाला नाही, मयतीला नाही, शेजारी हळदी-कुंकवालाही नाही. धम्मीनं फोनवर विचारलं, आजी येशील का? आत्या मिश्री थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "येते की."

मला तर खुर्चीवरनं पडायला झालं. धम्मी नंतर मला एकटीला म्हणाली, मम्मी, आजी हो म्हणाली यातच सगळं आलं, आता काहीही झालं तरी तिला जहाजात चढवायचं. मी शब्द दिला.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

जहाजवाल्यांचे नियम आले. पाच पानं. सरकारी नोकरीत माझी वीस वर्षं गेली पण एवढी अटी-शर्तींची भरताड मी बघितली नाही. दोन्ही डोसांचं प्रमाणपत्र पाहिजे. आणि नाकात काडी घालून करतात ती आरटीपीसीआर टेस्ट, तिचा निगेटिव्ह रिपोर्ट प्रत्येकाचा पाहिजे, तोही जहाजात चढायच्या आधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतला. चौघांपैकी एकाचा नसला तर तो एकटा धक्क्यावर राहणार, बाकीच्यांनी हात हलवायचा. आफ्रिकेतनं कोरोनाचा नवा अवतार आलाय म्हणून कुणालाही सूट नाही.

धम्मी घाबरली होती. मी म्हटलं, अगं, मला शिकवतीस? मी अंगणवाडी सेविका आहे. दीड वर्षं कपाळाला लावायची ती तापाची बंदूक घेऊन मी या वस्तीत फिरले. लोक मला बघून दारं लावून घ्यायचे. एक जण तर मला बघून संडासात जाऊन बसला, पाऊण तास, मी बाहेर पायरीवर बसून राहिले आणि निघाल्यावर त्याला तसाच शाळेतल्या केंद्रावर नेला. वस्तीतली दोनशे बारा नाकं मी स्वतः रांगेत उभी केली आहेत. तीन नाकांचं काय घेऊन बसलीस?

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सोलापुरात आम्ही तिघं, म्हणजे त्यात माझं पण एक नाक आलं.

आत्यांनी नियम ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वैजू न्हाय तर मी बी न्हाय." वैजू म्हणजे मी, वैजयंती. आता यात प्रेम वगैरे काही नाही. मी नसले तर गुडघ्याला तेल कोण चोळणार, एवढंच.

शनिवार, ४ डिसेंबर

आत्यांनी उंबऱ्यावर बसूनच अख्ख्या वस्तीला बातमी दिली. समोरची गौरम्मा रोज संध्याकाळी येऊन नवीन शंका घालून जाते. जहाजाला संडास असतो का. असला तर ते सगळं कुठं जातं. आत्यांनी ठासून सांगितलं, समुद्रातच जातं, म्हणून तर खारट हाय.

आजपासून कडक भाकरी थापायला घेतल्या आहेत. चाळीस भाकरी आणि शेंगांची चटणी दोन डबे. नियमांच्या चौथ्या पानावर लिहिलंय की बाहेरचं खाणं आणू नये. मी आत्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, भाकरी बाहेरची कुठं हाय, घरचीच हाय की.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही, ती इथं लिहून टाकते. एप्रिलनंतर आत्या सकाळी माझ्या आधी उठतात आणि मला अंथरुणात चहा आणून देतात. आलं घालून. चोवीस वर्षांत ज्या बाईनं मला "चहा घेतलास का" असं विचारलं नाही, ती बाई हातात कप देते, काही न बोलता उभी राहते आणि जाते. याला टोमणा नाही तर काय म्हणायचं? तोंडानं बोलली असती तर दोन उत्तरं देता आली असती. चहाला काय उत्तर देणार? पिते आणि गप्प बसते.

सोमवार, ६ डिसेंबर

सकाळी पुतळ्याला जाऊन मेणबत्ती लावून आलो. दरवर्षी सतीश वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना रिक्षात बसवून पुतळ्यापर्यंत न्यायचा, चार-चार फेऱ्या करायचा आणि कुणी पैसे दिले तर शिव्या घालायचा. यंदा म्हातारी माणसं आलीच नाहीत. आत्याही नाहीत.

सतीशबद्दल मी इथं लिहीत नाही, पण आज लिहिते. एप्रिलमध्ये वस्ती टेस्टला तयारच होईना. सगळे म्हणायचे, आधी तुमच्या घरचं नाक दाखवा, मग आमचं. आमच्या कामाची रीतच तशी आहे. पोलिओचा थेंब आधी आपल्या लेकराला पाजायचा, गोळी आधी आपण खाऊन दाखवायची, मग लोक ऐकतात. मी सतीशला धरला. दिवसभर रिक्षात शंभर माणसं बसतात तुझ्या, चल, म्हटलं. तो म्हणाला, वहिनी, उद्या जाऊ. मी म्हटलं, आत्ता. वस्तीतली सगळी बघत उभी होती आणि मी त्याच्या शर्टाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं. तो हसत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी वस्तीतली चाळीस माणसं टेस्टला आली, माझं कौतुक झालं, ग्रुपवर फोटो आला. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली, दवाखान्यात नेला आणि अकराव्या दिवशी तो गेला. सदतीस वर्षांचा होता.

आत्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. अजून विचारत नाहीत. त्यांना काय वाटत असेल ते मला न सांगता कळतं.

गुरुवार, ९ डिसेंबर

आत्या काडीला घाबरणार, हे मी आधीच ओळखलंय. आज त्यांना समजावायला बसले. म्हटलं, आत्या, काही होत नाही, जरा गुदगुल्या होतात, डोळ्यांत पाणी येतं, मोजून दहा आकडे. आत्या म्हणाल्या, "मला कशाची भ्या? पाच बाळंतपणं ह्याच खोलीत झाली माजी." मी म्हटलं, तरी पण छातीत धडधडतं, हात गार पडतात, केंद्राच्या दारातनं परत फिरावंसं वाटतं. आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, तुला गं कसं ठाऊक?

म्हटलं, वस्तीत बघितलंय की.

वरवर कितीही दाखवलं तरी आतनं घाबरल्या आहेत. मी ठरवलंय की त्यांना लॅबमध्ये न्यायचंच नाही. नवी पेठेतल्या लॅबचा ईरप्पा म्हणून माणूस आहे, तो घरी येऊन काडी घेतो. अक्कलकोटकडचा आहे, कानडी बोलतो, आत्यांचं माहेर वळसंगचं असल्यानं त्यांनाही कानडी येते. बुधवारी दुपारी तीनची वेळ घेतली. चारच्या गाडीनं नमुने पुढं जातात, गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट, आणि गुरुवारीच रात्री पावणेअकराच्या सुमाराला मुंबईची गाडी, सिद्धेश्वर. जहाजात शिरायचं शुक्रवारी दुपारी एकला. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांचं गणित बसतं, पण मध्ये शिंकायलासुद्धा जागा नाही.

माझं मी नंतर बघीन. अंगणवाडीत बुधवारी मुलांची वजनं आहेत.

सोमवार, १३ डिसेंबर

आज आमच्या घरातल्या घड्याळानं कहर केला. सकाळी साडेसातला हरिदासराव नवी पेठेत लॅबच्या शटरसमोर जाऊन उभे. लॅब उघडते नऊला. झाडणाऱ्या बाईच्या आधी हे पोचले, तिला झाडू सरकवायला पाय उचलून दिले आणि पहिला नंबर लावून काडी घालून आले. घरी येऊन छाती फुगवून म्हणतात, माझं काम झालं, तुमचं तुम्ही बघा, ऐनवेळी पळापळ करणाऱ्यातला मी नाही.

मी विचारलं, आज वार कुठला? म्हणाले, सोमवार. म्हटलं, जहाज कधी? म्हणाले, शुक्रवारी. म्हटलं, अठ्ठेचाळीस भागिले चोवीस किती?

एवढं होऊनही त्यांना चूक कळेना. त्यांच्या मते रिपोर्ट जितका आधी तितका पक्का. शेवटी धम्मीनं फोनवर सांगितलं, पप्पा, तुमचा रिपोर्ट शिळा झाला. माणूस आयुष्यभर दुसऱ्याला उशिराबद्दल लाल फुली मारतो आणि स्वतः लवकर आल्याबद्दल बाद होतो. दिवसभर त्यांनी कुणाशी बोलणं टाकलं. मी मात्र तीन-चारदा स्वयंपाकघरात जाऊन हसून आले.

बुधवारी त्यांना परत काडी घालावी लागणार. निमूटपणे तयार झाले. धम्मीनं मला विचारलं, मम्मी, तुझी पण बुधवारीच ना? मी म्हटलं, हो हो. मग ती म्हणाली, एवढं तुटक का बोलतीस? मी म्हटलं, कुकर झालाय.

मंगळवार, १४ डिसेंबर

आज जे केलं ते लिहावं का नाही, दोनदा पेन खाली ठेवलं. लिहिते.

दिग्विजयचं झेरॉक्सचं दुकान आहे, अंगणवाडीच्या मागच्या गल्लीत. उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, प्रवासाचा पास, सगळं तिथं होतं. एप्रिल-मेमध्ये तो नाकात काडी न घालता रिपोर्ट काढून द्यायचा, हे मला माहीत होतं. मी तेव्हा त्याच्या दुकानासमोर उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याला झापलं होतं. माणसं मरतील तुझ्या कागदानं, असं म्हणाले होते.

आज मी त्याच दुकानात गेले. आधी उगाच दोन झेरॉक्स काढल्या. मग म्हटलं, दिग्विजय, मला कामातनं सवड होईना, शुक्रवारच्या जहाजाला एक रिपोर्ट लागतोय निगेटिव्ह. तो हसला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, "ताई, तुम्ही?" मी म्हटलं, मुलांची वजनं आहेत उद्या. त्यानं आधार कार्ड मागितलं, पाच मिनिटं कॉम्प्युटरवर टकटक केली आणि माझ्या मोबाईलवर रिपोर्ट आला. नाव, वय, शिक्का, आडवा-उभा चौकोनी कोड, सगळं. निगेटिव्ह.

वजनं खरं तर सकाळी अकरापर्यंत संपतात. आणि मला घसा-बिसा काही नाही, खोकला नाही, धडधाकट आहे मी. मग काडी घालून नवीन काय कळणार? उगाच ईरप्पाचा वेळ. मी असं काही चुकीचं केलेलं नाही. कागद पाहिजे, कागद मिळाला.

जेवण गेलं नाही. भाकरी जरा जास्तच कडक झाल्या असाव्यात.

बुधवार, १५ डिसेंबर

ईरप्पा तीनला पाच मिनिटं कमी असताना आला. हरिदासराव अडीचपासून कॉलर उघडून खुर्चीवर बसले होते. पण आत्या म्हणाल्या, आदी मी. डोकं मागं टाकलं, डोळे मिटले, काडी गेली, आली. शिंकल्या आणि विचारलं, झालं? मग कानडीत ईरप्पाला काहीतरी म्हणाल्या, तो लाजला. बहुतेक त्याच्या लग्नाचं विचारलं असणार. मग हरिदासराव. ते खोकले, ओकारी काढली, डोळे पुसले आणि अर्धी सुट्टी संपायला वीस मिनिटं आहेत म्हणून सायकल काढून कारखान्यात पळाले.

ईरप्पानं तिसरी नळी काढली आणि माझं नाव लिहायला लागला. मी म्हटलं, माझी झाली. त्यानं विचारलं, कुठं केलीत ताई? मी म्हटलं, दुसरीकडं. आणि त्याच्या डोळ्यांत शंका बघून मीच मोबाईल पुढं केला. हा बघ.

त्यानं चष्मा वर केला, नीट वाचलं आणि मोबाईल माझ्या हातात ठेवला. हळूच म्हणाला, "ताई, ह्यो रिपोर्ट उद्याचा हाय."

मी बघितलं. दिग्विजयनं जहाजाच्या तारखेला जवळ पडावं म्हणून नमुना घेतल्याची तारीख टाकली होती १६ डिसेंबर. नवऱ्याचा रिपोर्ट शिळा आणि माझा अजून पिकायचा. कान गरम झाले. ईरप्पा बिचारा जमिनीकडं बघत होता. वस्तीतल्या दोनशे बारा माणसांना धरून नेणारी बाई, आणि तिची ही तऱ्हा.

आत्या सगळं ऐकत होत्या. त्यांनी ईरप्पाला म्हटलं, होरग निल्लप्पा. तो पेटी तिथंच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. आत्यांनी मला हाताला धरून पलंगावर बसवलं. मला वाटलं, आता आठ महिन्यांचं सगळं बाहेर निघणार. मी मनातल्या मनात तयारी केली. म्हटलं, बोला. एकदाच बोलून टाका.

आत्या म्हणाल्या, "वैजू, तुला वाटतंय म्या तुज्यावर रागावले. व्हय का न्हाय?"

मी मान हलवली.

"सत्याला ताप दोन दिस आदीच आला हुता. मला म्हनला, आई, वयनीला सांगू नगंस, ती लगीच धरून न्हील, रिक्षा बंद पडंल. म्या न्हाय सांगितलं. काढा करून दिला. तू रात्री जेवायला हाक मारलीस तवा म्या म्हनलं, त्यो भायेर जेवून आलाय. त्यो आत पडून हुता, गोधडी घिऊन. तू तेला नेलंस त्येची चूक न्हाय. म्या दडवलं त्येची हाय."

खरं सांगते, मला आधी राग आला. रडू नाही, दया नाही, राग. दोन दिवस! त्या दोन दिवसांत मी दारोदार घसा फोडून सांगत होते की ताप लपवू नका, आणि माझ्याच घरात, माझ्याच भिंतीपलीकडं तो गोधडीत पडून होता. आणि त्यानंतर आठ महिने मी रोज झोपताना त्याच्या शर्टाची कॉलर माझ्या मुठीत धरलेली बघत होते. मी उठले. म्हटलं, आत्या, आठ महिने? आठ महिने गप्प बसलात तुम्ही?

त्या म्हणाल्या, "तोंड हुईना गं. रोज सकाळी तुला सांगायचं म्हनून यायची, तू उठायच्या आदी. तुजं तोंड बघितलं की म्होरं बोलनंच हुयाचं न्हाय. मग नुसता चा दिऊन जायची."

मी खाली बसले. त्यांच्या शेजारी नाही, पलंगाच्या पायाशी फरशीवर. बाहेर ईरप्पा खाकरला, चारची गाडी होती त्याची. आत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, काडी घे. भ्या वाटत असंल तर माजा हात धर.

भीती वाटत होती. पहिल्यापासून मलाच वाटत होती, आज लिहायला हरकत नाही. सतीशनंतर मी एकदाही काडी घेतली नव्हती, दुसऱ्यांना नेऊन दारातूनच परत यायची.

मी खुर्चीवर बसले आणि आत्यांचा हात धरला. काडी आत गेली आणि डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, ते काडी निघाल्यावरही थांबेना. ईरप्पा म्हणाला, येतं ताई, सगळ्यांनाच येतं.

गुरुवार, १६ डिसेंबर

दुपारी साडेचारपासून मोबाईल हातात. सहाला काही नाही. साडेसहाला काही नाही. हरिदासराव बॅगांना कुलपं लावून, चपला घालून दारात उभे. मी त्यांना म्हटलं, त्या चपला काढा, नाहीतर माझ्या हातात येतील. आत्या मात्र गौरम्माला बोलावून तिच्याकडून केस विंचरून घेत होत्या.

पावणेसातला धम्मीचा पुण्यातला रिपोर्ट आला. निगेटिव्ह. सात वाजता लॅबचा मेसेज. आधी आत्या, निगेटिव्ह. मग हे, निगेटिव्ह, आणि यावेळी ताजे. मग माझा. मी आत्यांना म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी दाबलं, पण वाचता येत नाही म्हणून मोबाईल परत माझ्याकडं दिला. निगेटिव्ह.

मग दिग्विजयचा रिपोर्ट काढून टाकला. मोबाईल विचारतो, नक्की काढायचा का? म्हटलं, हो रे बाबा.

आता आठ वाजलेत आणि हे मी स्टेशनावरच्या बाकावर बसून लिहितेय. गाडीला पावणेतीन तास आहेत. हरिदासराव फलाटावर येरझाऱ्या घालताहेत आणि प्रत्येक हमालाला विचारताहेत, आमचा डबा कुठं थांबणार. आत्या माझ्या शेजारी बसल्यात. आठ महिन्यांनी बाहेर पडल्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या चपला बघताहेत. मध्येच म्हणाल्या, लोकांनी चपला बऱ्या घेतल्यात की.

माझा राग गेला का? सगळा नाही. सकाळी चहा घेताना पुन्हा आला होता. पण आज आम्ही दोघींनी समोरासमोर बसून चहा घेतला.

शुक्रवार, १७ डिसेंबर

जहाज म्हणजे अख्खी नवी पेठ उभी करून पाण्यावर ठेवल्यासारखं आहे, दुकानं पण आत आहेत. धम्मी धक्क्यावर भेटली, आजीला मिठी मारून उभी राहिली, मागच्या माणसानं रांग पुढं सरकवायला सांगेपर्यंत. दारावरच्या पोरीनं रिपोर्ट बघितले. पुढं गेलेले हरिदासराव मागं वळले आणि तिला म्हणाले, माझा सोमवारचा पण आहे, दाखवू का?

सामान तपासायच्या यंत्रात भाकरी दिसल्या. अधिकाऱ्यानं पिशवी उघडली, एक भाकरी वाजवून बघितली आणि विचारलं, हे काय आहे? आत्या म्हणाल्या, भाकरी हाय, खा. त्यानं वरिष्ठाला बोलावलं. तोही भाकरी वाजवून गेला. शेवटी चटणी काढून घेतली आणि भाकरी सोडल्या. कुठल्या नियमात बसवल्या ते त्यांनाच माहीत.

शनिवार, १८ डिसेंबर

सकाळी नाश्त्यानंतर हरिदासराव आणि धम्मी पोहण्याचा तलाव बघायला गेले. समुद्रावर तरंगणाऱ्या जहाजात पोहायला वेगळा तलाव केलाय, लोकांना कशाकशाची हौस असते. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर कठड्याजवळ खुर्च्या टाकून बसलो. चारी बाजूंना पाणी. आत्यांचा पदर वाऱ्यानं उडत होता, तो त्यांनी दातांत धरला होता.

मग पदर सोडला आणि पाण्याकडं बघतच विचारलं, "वैजू, दोन दिस आदी नेला असता तर वाचला असता का गं त्यो?"

हा प्रश्न येणार हे मला बुधवारीच कळलं होतं. गाडीत झोप लागली नाही ती त्यामुळंच. मी या कामात काय काय बघितलंय. पहिल्याच दिवशी नेलेला धडधाकट माणूस गेला आणि आठवडाभर घरात काढा पिऊन बसलेली म्हातारी चालत घरी आली. आणि असेही बघितले, ज्यांना डॉक्टर म्हणाले, परवा आणायचा होता. सतीश यातला कुठला, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. दारोदार फिरताना मी एकच वाक्य म्हणायची, एकेक दिवस महत्त्वाचा आहे. हजार वेळा म्हटलं असेल.

मी म्हटलं, "नाही आत्या. दोन दिवसांनी काही फरक पडला नसता."

त्या माझ्याकडं वळल्या. ही बाई अडाणी आहे, पण चोवीस वर्षं तिच्या घरात राहिलेय मी, मी खोटं बोलते तेव्हा कशी दिसते हे तिला चांगलं माहीत आहे.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्या धरते तसं. पन मग तू बी तसंच धरायचं. तू नेलंस, त्येनं बी काय फरक पडला न्हाय."

मी हो म्हटलं.